त्यांनी वापर कमी केला, तर यांचं भलं होईल का?

अनवट
एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला आणि राखेमुळे युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर बसून राहिली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच आठवड्यात केनियात नैवाशा तळ्याकाठच्या गुलाबांच्या शेतांवर तोडलेली फुलं ढिगांनी फेकावी लागली, काही गुरांपुढे गेली आणि हजारो मजुरांना घरी बसवलं गेलं.

श्रीमंत देशांच्या चंगळीवर चर्चा निघाली की ती ठरलेल्या वळणाने जाते. ते ओरबाडतात, गरीब देश सोसतात, म्हणून त्यांनी वापर कमी करावा. पहिली दोन वाक्यं मला बऱ्याच अंशी पटतात. तिसऱ्यापाशी अडतं. विमानं बंद पडली तेव्हा नैवाशाच्या तळ्याला थोडी उसंत मिळाली असेल, पण मजुरांची चूल विझायची वेळ आली.

तर प्रश्न असा: श्रीमंत देशांनी खरोखरच कमी विकत घेतलं, तर गरीब देशांचं भलं होईल की वाटोळं? या साखळीत कुठेही काम केलेलं असेल त्यांनी जरूर लिहा. भांडवलशाही विरुद्ध समाजवाद हा सामना इथे नको, त्याचे धागे आधीच पुष्कळ आहेत.

निवांत
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

पैलतीर
प्रश्नच तिरका मांडलाय. तळ्याकाठी आधी शेती होती, चराऊ रानं होती, मासेमारी होती. ती जागा आणि ते पाणी फुलांना दिलं, माणसांना दुसरा आधार उरू दिला नाही, आणि मग म्हणायचं 'बघा, आमच्याशिवाय यांचं चालत नाही'. अवलंबून राहावं लागणं हाच तर तो परिणाम.

खडूस_काका
मी एकच शर्ट सोळा वर्षं वापरतोय. मी गरीब देशांचं भलं करतोय की वाटोळं, एवढं कळलं तरी पुरे. घरचं मत विचारू नका.

टाकाटीप
काका, तुमच्यासारखे गिऱ्हाईक असते तर माझी नोकरी कधीच गेली असती. :)

मी निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यात मर्चंडायझर होते. म्हणजे परदेशी बायर आणि आपला शिलाई विभाग यांच्यामधलं सँडविच. चंगळ चंगळ म्हणतात ती मला कशी दिसायची ते सांगते.

बायर ऑर्डर देतो तेव्हा शिपमेंटची तारीख ठरते. मग रंगाचे नमुने जातात, त्यांना लॅब डिप म्हणतात. तिकडे कुणीतरी तो चिंधीएवढा तुकडा दिव्याखाली धरून म्हणतं, निळा जरा जास्त थंड वाटतोय, पुन्हा पाठवा. पुन्हा जातो. पुन्हा नापास. यात तीन आठवडे गेले तरी शिपमेंटची तारीख हलत नाही. कापड उशिरा येतं, कटिंग उशिरा होतं आणि ते तीन आठवडे शेवटी शिलाईच्या लाइनवर वसूल होतात. रात्रीचे दहा, अकरा. त्यातूनही बोट चुकली तर माल विमानाने पाठवायचा, भाडं कारखान्याचं. एका ऑर्डरचा सगळा नफा त्या भाड्यात जातो. म्हणून सुपरवायझर ओरडतो, म्हणून बाथरूमला जायला पास लागतो.

गंमत म्हणजे त्याच बायरचं ऑडिट यायचं. फायर एक्झिट मोकळे आहेत का, ओव्हरटाइम मर्यादेत आहे का. दोन्ही ईमेल एकाच कंपनीकडून, फक्त खातं वेगळं. एकाला तारीख हवी, दुसऱ्याला रजिस्टर स्वच्छ हवं. तारीखही गाठली जायची आणि रजिस्टरही स्वच्छ असायचं. कसं, ते विचारू नका.

तिकडच्या माणसाने वर्षाला किती शर्ट घेतले याच्याशी या सगळ्याचा संबंध आहे, पण थेट नाही. कमी शर्ट म्हणजे कमी घाई असं होत नाही. ऑर्डरी कमी असल्या की उलट भाव पाडून मागितला जातो.

उलटतपासणी
@पैलतीर, दोन गोष्टी.

एक, बांगलादेशच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या पुढे आहे आणि या धंद्यात लाखो बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात पगार घेतला. ते 'ओरबाडणं' असेल तर ओरबाडणं बंद झाल्यावर त्यांनी काय करायचं तेही सांगा.

दोन, तुमचे गुलाब. ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ मध्ये हिशोब मांडला होता. विमानाने आणलेल्या केनियातल्या १२,००० गुलाबांमागे साधारण ६ टन कार्बन डायऑक्साइड, आणि हॉलंडच्या तापवलेल्या काचघरांतल्या तेवढ्याच गुलाबांमागे ३५ टन. म्हणजे 'लांबून आलेलं ते वाईट' हेही सरसकट खरं नाही.

तिरपागडं
वाचतेय. टाकाटीप, त्या ऑडिटवर वेगळा धागा काढा ना.

शून्यलब्धी
शिक्षणात असताना एक प्रकरण अभ्यासलं होतं, ते इथे चपखल बसतं. अमेरिकेत १९९२ च्या सुमारास हार्किन विधेयक आलं. बालमजुरांकडून बनवलेल्या मालावर आयातबंदी, एवढंच. विधेयक पुढे मंजूरही झालं नाही. पण नुसत्या धाकाने बांगलादेशातल्या कपडा कारखान्यांनी मुलांना काढून टाकलं, अंदाजे पन्नास हजार. युनिसेफ आणि इतर संस्थांनी नंतर त्यांचा माग काढला. बरीच मुलं शाळेत गेली नव्हतीच. दगड फोडायला गेली, रस्त्यावर विकायला बसली, काही वेश्याव्यवसायात ढकलली गेली. कारखान्यापेक्षा कमी पैसा आणि जास्त धोका. त्यानंतर १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला. मुलांना काढायच्या आधी शाळेत जागा आणि थोडा भत्ता द्यायचा असं ठरलं.

हे उदाहरण 'म्हणून काहीच करू नका' या बाजूने वापरतात, ते मला पटत नाही. १९९५ मध्ये सुचलेलं १९९२ मध्ये सुचू शकलं असतं. मुलांना कुणी विचारलंच नव्हतं.

टाकाटीप
@शून्यलब्धी +१. बांगलादेशातल्या राणा प्लाझा या कारखान्यांच्या इमारतीचंही तेच. २३ एप्रिल २०१३ ला इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या बँकेने आपल्या लोकांना येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी बोलावलं, कारण ऑर्डरी लागल्या होत्या. २४ तारखेला इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. तडा तोच होता, बँकेलाही आणि शिलाईलाही. बँकेला कुणी शिपमेंटची तारीख दिली नव्हती.

त्यानंतर इमारतींच्या सुरक्षेचा जो करार झाला, अकॉर्ड म्हणतात तो, वेगळा एवढ्यासाठी, की तो ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता आणि त्यात कामगार संघटनांची सही होती. इमारतींची तपासणी खरंच झाली, दारं-जिने बदलले. आणि तिकडच्या लोकांनी एकही शर्ट कमी घेतला नाही.

डेकवरचा
धागा कापडात गुंडाळला जातोय (श्लेष अनाहूत), तर जरा समुद्रावर या.

तुम्ही जे काही घालता, चालवता, ज्यावर टाइप करता, ते कुठल्या तरी जहाजातून गेलेलं असतं. ते जहाज म्हातारं झालं की काय होतं? मी एका बल्क कॅरियरच्या, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजाच्या, शेवटच्या फेरीवर होतो. मालक युरोपातला. जहाज आधी कॅश बायरला विकलं जातं. हा मधला माणूस, रोख मोजून घेतो. मग समुद्रातच झेंडा बदलतो. कोमोरोससारख्या देशाचा झेंडा कागदोपत्री चढतो, आमच्यातल्या कुणीही ज्या देशाचं बंदर कधी पाहिलेलं नसतं. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रंगाचा डबा घेऊन दोरीने खाली उतरतो आणि नावातली काही अक्षरं पुसतो. पूर्ण नवं नाव लिहायचे कष्टही घेत नाहीत. एवढं केलं की युरोपच्या झेंड्याच्या जहाजांना लागू होणारे नियम त्याला लागू होत नाहीत.

मग उधाणाच्या भरतीची वाट बघायची आणि इंजिन फुल अहेड करून जहाज किनाऱ्यात घुसवायचं. आपलं अलंग, बांगलादेशातलं चट्टोग्राम, पाकिस्तानातलं गडानी, पद्धत तीच. एरवी जन्मभर जे होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून राहतो, ते मुद्दाम करायचं. दुसऱ्या ओहोटीला माणसं गॅस कटर घेऊन चढतात. आत अॅस्बेस्टॉस, तेलाचा गाळ, जुने रंग.

आता उलटतपासणींच्या बाजूने: त्या जहाजातलं जवळपास काहीच वाया जात नाही. पोलाद, नळ, गाद्या, दरवाजे, सगळं विकलं जातं आणि हजारो घरं त्यावर चालतात. मला ते काम बंद व्हायला नको आहे. पक्क्या फरशीवर, क्रेनखाली व्हायला हवंय. त्याने मालकाला टनामागे भाव थोडा कमी मिळेल, बाकी काही नाही. आणि म्हणूनच ते होत नाही.

अवलिया_नव्हे
हा धागा मोबाइलवरून वाचणाऱ्या सर्वांना कळवण्यात येते की मोबाइलच्या बॅटरीत लागणारा कोबाल्ट जगात सुमारे ७० टक्के काँगोच्या खाणींतून येतो. पुढचा प्रतिसाद पोस्टकार्डावर पाठवावा.

खडूस_काका
पोस्टकार्डासाठी झाड तोडावं लागेल. मी आता मनातल्या मनात प्रतिसाद देतो.

पैलतीर
@उलटतपासणी, शर्ट आणि गुलाब यांत निदान मजुरी तरी मिळते. मासळीत तीही जाते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सार्डिनेला ही स्वस्त मासळी गोरगरिबांचं रोजचं प्रथिन. सेनेगल, गांबिया, मॉरिटानियात गेल्या काही वर्षांत तिची भुकटी करणारे कारखाने आले. चार-पाच किलो ताज्या मासळीची एक किलो भुकटी होते आणि ती परदेशातल्या मत्स्यशेतीत खाद्य म्हणून जाते. श्रीमंतांच्या ताटातल्या एका माशासाठी गरिबांच्या ताटातले कितीतरी.

किनाऱ्यावर मासळी खारवणाऱ्या, धुरी देणाऱ्या बायका असतात. कारखाना घाऊक भावाने सगळी होडीच उचलतो तेव्हा त्यांच्या वाट्याला काही उरत नाही. कारखान्यात लागतात किती माणसं? मोजकी. गांबियात गुंजूरजवळच्या खाजणाचं पाणी २०१७ मध्ये लाल झालं, मेलेले मासे वर आले, गाव रस्त्यावर उतरलं.

आणि त्याच होड्या आता माणसं घेऊन स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतात. २०२४ मध्ये तिथे ४६ हजारांहून जास्त लोक असे पोहोचले, त्यात सेनेगलचे बरेच. मग युरोपातल्या बातम्यांत प्रश्न असतो, हे लोक इकडे का येतात?

उलटतपासणी
मासळीचं मान्य. तिथे विकणाऱ्याचं पोट भरतं आणि शेजाऱ्याचं रिकामं होतं. पण परवाने कोण देतं? तिथलीच सरकारं. सगळं खापर तिकडच्या ताटावर फोडून परवाना देणाऱ्या मंत्र्याला मोकळं सोडायचं का?

पैलतीर
नाही सोडत. पण कर्जाचे हप्ते डॉलरमध्ये भरायचे असले की डॉलर देणारा परवाना मंत्र्याला गोड लागतो.

रानजाई
कचऱ्याचा विषय कुणीच काढला नाही! वापर म्हणजे नुसती खरेदी नव्हे, फेकणंही.

२०१८ च्या सुरुवातीला चीनने परदेशी प्लास्टिक कचरा घेणं बंद केलं आणि श्रीमंत देशांची वर्गीकरणाची नीटनेटकी डबडी कशावर चालली होती ते उघडं पडलं. तो लोंढा मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियाकडे वळला. पूर्व जावात कागद कारखाने रद्दी आयात करतात, तिच्यात प्लास्टिक मिसळलेलं येतं. ते बांगून नावाच्या गावात अंगणात वाळत घातलं जातं, विकण्याजोगं वेचलं जातं आणि उरलेलं त्रोपोदो गावात टोफूच्या भट्ट्यांत सरपण म्हणून जळतं. लाकडापेक्षा स्वस्त पडतं म्हणून. तिथल्या कोंबड्यांची अंडी २०१९ मध्ये तपासली तर डायॉक्सिन या विषारी रसायनाचं प्रमाण भयंकर निघालं.

बरं, परत पाठवता येतं हेही दिसलंय. फिलिपिन्सने २०१९ मध्ये ६९ कंटेनर कॅनडाला परत केले, त्यासाठी अध्यक्षांना राजदूत माघारी बोलवावा लागला. मलेशियाने जानेवारी २०२० पर्यंत १५० कंटेनर परत धाडले. २०२१ पासून घातक कचऱ्याच्या ने-आणीवरच्या बाझल करारात प्लास्टिकही आलं, आता घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते.

तिरपागडं
रानजाई, जुन्या कपड्यांचंही लिहा की. तिकडे दानपेटीत कपडे टाकले की लोकांना पुण्य केल्यासारखं वाटतं.

रानजाई
घानात अक्रामधला कांतामांतो बाजार. विक्रेता गठ्ठा न फोडता विकत घेतो, बरेचदा उसनवारीवर. आत काय निघेल ते नशीब. चांगला निघाला तर दोन पैसे, डागाळलेला निघाला तर कर्ज तसंच आणि माल गटारात. पन्नास-पंचावन्न किलोचे हे गठ्ठे बहुतेक घानाच्या उत्तर भागातून आलेल्या पोरी डोक्यावर वाहतात. जानेवारी २०२५ मध्ये बाजाराचा मोठा भाग जळाला. पण तिथल्या विक्रेत्यांची मागणी 'पाठवू नका' अशी नाही. 'चांगला माल पाठवा आणि कचऱ्याचा खर्च उचला', अशी आहे.

उलटतपासणी
हेच तर म्हणतोय. जुने कपडे बंद केले तर ते हजारो लोक रस्त्यावर.

शून्यलब्धी
@उलटतपासणी, एका देशाने बंद करून पाहिले. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ मध्ये ठरवलं होतं की जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने थांबवायची आणि स्वतःचे कापड उद्योग उभे करायचे. रवांडाने किलोमागे कर ०.२० डॉलरवरून २.५० डॉलर केला. अमेरिकेतल्या जुने कपडे निर्यात करणाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली. मग अमेरिकेने धमकी दिली, की असं कराल तर तुमच्या मालाला आमच्याकडे मिळणारी करमाफी जाईल. केनिया, टांझानिया, युगांडा माघारी फिरले. रवांडा अडून बसला, आणि २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांची करमाफी खरोखर गेली.

रवांडाचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर वाद घालता येईल. माझा मुद्दा तो नाही. स्वतःचे वापरलेले कपडे दुसऱ्याने घेतलेच पाहिजेत, हा आग्रह बघा.

खडूस_काका
म्हणजे माझा शर्ट फाटल्यावर कुणी घ्यायला नकार दिला तर मी त्याच्यावर निर्बंध लादू शकतो. नोंद घेतली आहे.

हवापाणी
शर्ट, जहाज, फुलं, मासे, सगळीकडे निदान काहीतरी देवाणघेवाण आहे. धुराचं काय? तिथे गरीब देशाला मजुरी नाही, गठ्ठा नाही, काहीच नाही.

जगाच्या उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याहून कमी. २०२२ च्या पुरात १७०० च्या वर माणसं गेली, ३ कोटी ३० लाख लोकांना झळ बसली, नुकसान ३० अब्ज डॉलरच्या घरात मोजलं गेलं. त्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईचा निधी उभारायचं ठरलं. पुढच्या वर्षी दुबईत सगळ्या श्रीमंत देशांनी मिळून त्यात जी आश्वासनं दिली, ती होती ७० कोटी डॉलरच्या आसपास. अख्ख्या जगासाठी. आता ३० अब्जांशी ताडून पाहा. त्यातही 'भरपाई' आणि 'जबाबदारी' हे शब्द कागदावर येऊ नयेत म्हणून किती आटापिटा!

त्यामुळे अनवट यांना माझं उत्तर: निदान इंधनाच्या बाबतीत त्यांनी कमी वापरलं तर भलंच होईल, सरळ सरळ.

तिरपागडं
पण 'ते' म्हणजे कोण? ऑक्सफॅम या मदत संस्थेच्या हिशोबाने २०१९ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांचं उत्सर्जन तळच्या ६६ टक्के लोकांइतकं होतं. तो एक टक्का काही फक्त युरोप-अमेरिकेत राहत नाही. गरीब देशांच्या राजधान्यांतही त्यांचे बंगले आहेत. सीमारेषा देशांमधून काढायची की पगारपत्रकांमधून?

हवापाणी
दोन्हीकडून. मात्र आजवर साठलेल्या धुराचा हिशोब काढलात तर एकट्या अमेरिकेचा वाटा पावपट निघतो. ते खातं देशाच्याच नावावर आहे.

अनवट
सगळ्यांचे आभार, वाचताना दमछाक झाली. मूळ प्रश्नाचं थेट उत्तर फक्त हवापाणी यांनी दिलंय, तेही इंधनापुरतं. टाकाटीप ताई, तुमच्या क्षेत्रात खरेदी कमी झाली तर काय होईल?

टाकाटीप
होऊन गेलंय की. मार्च २०२० मध्ये श्रीमंत देशांतली कपड्यांची दुकानं एका झटक्यात बंद झाली. बांगलादेशातल्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द झाल्या किंवा लटकल्या. त्यातला बराच माल शिवून तयार होता, कापड आणि सुताचे पैसे कारखान्यांनी आधीच मोजलेले होते. करारात असं कलम असतं की आपत्ती आली तर बायर हात वर करू शकतो. कारखान्याला तसे हात नसतात. पुढे बोभाटा झाला तेव्हा बऱ्याच ब्रँडनी पैसे दिले, सगळ्यांनी नाही.

म्हणजे खरेदी थांबली की पहिला फटका शिवणाऱ्याला, हे तुमचं म्हणणं खरं. पण तो फटका त्याच्याकडे वळवणारी ओळ कुणीतरी बसून लिहिलेली असते. मला विचाराल तर शर्ट अर्धे घ्या, चालेल. ती ओळ आधी बदला. आणि तारीख हलली तर विमानभाडं कुणाचं, ती दुसरी ओळ.

उलटतपासणी
ओळ बदला म्हणणारा कारखाना ऑर्डर गमावतो, ताई. ती शेजारच्या देशात जाते.

शून्यलब्धी
म्हणून दोघांनी मिळून मागायचं. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. २०१९ मध्ये त्यांनी एकत्र येऊन जाहीर केलं, बाजारभावावर टनामागे ४०० डॉलर शेतकऱ्यासाठी जादा.

उलटतपासणी
आणि खरेदीदारांनी काय केलं तेही लिहा. दर्जासाठी जो वेगळा अधिमूल्याचा आकडा मिळायचा, तोच खाली खेचला. एका खिशात घातलं, दुसऱ्यातून काढलं. तरी कोकोचं झाड उपटून नेता येत नाही. शिलाई मशीन कंटेनरमध्ये बसतं.

टाकाटीप
बसतं, आणि गेलंही. इथिओपियात हवासाला मोठं औद्योगिक संकुल उभं राहिलं, मूळ पगार महिना २६ डॉलर. एवढ्या स्वस्तात जगात कुणी शिवत नव्हतं. देशातल्या यादवी युद्धामुळे २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेने करमाफी काढून घेतली आणि बायर निघाले. तिथे शिवणाऱ्या पोरी बहुतेक आसपासच्या खेड्यांतून आलेल्या होत्या. त्यांच्या पगारातून खोलीभाडंही धड निघत नव्हतं, तरी नोकरी जाताना त्यांनी काय केलं यावर कुठे काही वाचायला मिळालं तर मला इथेच कळवा.